चौथीच्या वर्गात चोवीस तास पाणी

प्राथमिक शाळेतला ‘प्रकल्प’ आपल्याकडे बहुतेक वेळा रविवारी संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात सुरू होतो. कार्डशीट, गोंद आणि छापील चित्रांचा तक्ता घरी येतो. आई चित्रं कातरते, बाबा चिकटवतात, मथळा ताई लिहून देते आणि ज्याचा प्रकल्प आहे तो तोवर झोपलेला असतो. सोमवारी तो तक्ता भिंतीवर लागतो आणि त्याला गुणही मिळतात. मुलाने मात्र काहीच शोधलेलं, मोजलेलं किंवा कुणाला विचारलेलं नसतं.

दोष शिक्षकाचा नाही आणि पालकांचाही नाही. प्रकल्प हा अभ्यासक्रमाला शेवटी जोडायचा तुकडा आहे, असं आपण धरून चाललो. खरं तर अभ्यासक्रमाची आखणीच प्रकल्पापासून करता येते आणि त्यासाठी लागणारं साहित्य गावात असतं. कराडशेजारचं मलकापूर हे याचं फार चांगलं उदाहरण ठरू शकतं.

मलकापूर 2008 मध्ये नगरपंचायत झालं आणि आता तिथं नगरपरिषद आहे. पुणे-बंगळूर महामार्गालगतचं हे गाव देशभर नावाजलं गेलं ते चोवीस तास पाणीपुरवठ्यामुळे. कोयनेचं पाणी उचलायचं, शुद्ध करायचं, टाकीत चढवायचं, दिवसरात्र दाबाने घराघरात पोचवायचं आणि प्रत्येक नळजोडणीला मीटर लावून वापराप्रमाणे पाणीपट्टी आकारायची, अशी ही योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने उभी राहिली. मोठमोठ्या शहरांना न जमलेली गोष्ट एका लहान गावाने करून दाखवली, म्हणून अधिकारी आणि अभ्यासक ती पाहायला येऊ लागले. हीच योजना गावातल्या चौथीच्या वर्गाने पाहिली, मोजली, समजून घेतली, तर भाषा, गणित आणि परिसर अभ्यास हे तीनही विषय त्यात पुरेपूर शिकवून होतील.

आखणीची सुरुवात प्रश्नापासून करायची. ‘पाणी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय घेतला की माहिती गोळा होते आणि पुन्हा तक्ताच तयार होतो. ‘आपल्या शाळेला दिवसाला किती पाणी लागतं आणि त्यातलं किती वाया जातं?’ हा खरा प्रश्न. याचं उत्तर पुस्तकात नाही, बाईंनाही ठाऊक नाही, पण नऊ वर्षांच्या मुलांना ते शोधता येतं. प्राथमिकच्या प्रश्नाला या तीनही कसोट्या लावाव्यात. ‘पाणीटंचाई कशी दूर करावी?’ असा भारदस्त प्रश्न मुलांच्या हाताबाहेरचा असतो. मग ती मोठ्यांची वाक्यं पाठ करून म्हणतात.

प्रश्न ठरला की शिक्षकाने आधी एकट्याने त्याचं उत्तर शोधून पाहावं. हा टप्पा कुणीच सांगत नाही आणि सगळी आखणी इथंच उभी राहते किंवा कोसळते. शाळेच्या नळजोडणीचं मीटर कुठं आहे? झाकण उघडतं का? आकडे वाचता येतात का? साधारणपणे मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे किंवा छोटे काटे त्याखालचे लिटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, पाणीपट्टीतलं एक युनिट. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की कालचा वापर निघतो. हातच्याची वजाबाकी मुलं इथं गरज म्हणून करतात, कारण उत्तर चुकलं तर शाळेने एका दिवसात अख्खी टाकी रिकामी केली असं दिसतं आणि वर्गच म्हणतो, हे शक्य नाही, पुन्हा करा. उत्तर संभवतं की नाही हे पारखण्याची ही सवय गणिताच्या पुस्तकातून लावणं फार कठीण जातं.

मीटर हाती आलं की प्रश्न फुटत जातात. गळका नळ सापडतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. पण वीस थेंबांचा एक मिलिलिटर खरंच होतो का? औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारं मापाचं झाकण आणून मुलांनीच मोजावं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर असं प्रमाण धरतात. पाच जणांच्या घराला 675 लिटर, महिन्याला 20,250 लिटर, म्हणजे वीस युनिटांच्या थोडं वर. गुणाकार, एककांचं रूपांतर, अंदाज, सगळं एका पाणीपट्टीच्या पावतीत सापडतं.

इथं एक पथ्य मात्र कडक पाळावं. घराघरातल्या पावत्या वर्गात आणून त्यांची तुलना करू नये. कुणाचं घर भाड्याचं असतं, कुणाची पट्टी थकलेली असते, कुणाकडे जोडणीच नसते. मुलांची परिस्थिती प्रकल्पाच्या निमित्ताने चव्हाट्यावर येता कामा नये. शाळेचं मीटर सगळ्यांचं आहे, त्यावरच काम करावं.

भाषेचं काम तर याहून मोठं आहे. जलशुद्धीकरण केंद्र पाहायला जायचं तर मुख्याधिकाऱ्यांना विनंतीपत्र मुलांनी लिहायचं. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारायचे प्रश्न आधी तयार करायचे. ज्याचं उत्तर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल तो प्रश्न बदलायचा. परत आल्यावर तुरटी का घालतात, क्लोरीन का सोडतात, पाणी वरच्या मजल्यावर चढतं कसं, हे दुसरीच्या मुलांना समजेल अशा भाषेत लिहायचं. चोवीस तास पाणी येण्याआधी गावात पाणी कसं भरायचे, हे आजीला विचारून तिच्याच शब्दांत उतरवून आणायचं. कळशी, रांग, पहाटेची वेळ, भांडणं, हा गावाचा इतिहास आहे आणि तो अजून माणसांच्या तोंडी आहे.

भूगोलासाठी कराडचा प्रीतिसंगम जवळ आहे. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन मिळतात. नदीकाठी पावसाळ्यात जाऊ नये आणि पालकांच्या पुरेशा सोबतीशिवाय कधीच जाऊ नये. इतिहासासाठी आगाशिवच्या डोंगरातली बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंनी राहायच्या खोल्यांबरोबर पाणी साठवायची टाकीही कातळात खोदून घेतली होती. डोंगरावर नदीचं पाणी चढवणारा पंप नव्हता, तेव्हा पावसाचंच पाणी धरून ठेवावं लागे. हे मुलांना मुद्दाम शिकवावं लागत नाही, टाकी पाहिली की त्यांनाच सुचतं.

आता शिक्षकांचा रास्त सवाल: वेळ कुठून आणायचा? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे. एक प्रकल्प पाच आठवड्यांचा, आठवड्यातले चार दिवस, रोज एक तास, असा धरला तर वीस तास होतात. वर्षात असे दोन घेतले, एक दिवाळीआधी आणि एक नंतर, तर चाळीस तास, म्हणजे पाच टक्के. पहिल्या वर्षी याहून जास्त घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दर महिन्याला एक प्रकल्प ठरवणाऱ्या शाळेत ऑगस्टपर्यंत शिक्षक थकतात आणि मग तक्ते परत येतात. वाचन आणि गणिताचा रोजचा सरावही प्रकल्पासाठी बंद करू नये. ज्या मुलाला अजून अडखळत वाचावं लागतं, त्याला प्रकल्पात आनंद मिळेल, पण वाचन आपोआप येणार नाही. त्याच्यासाठी वेगळा वेळ ठेवलाच पाहिजे.

वीस तासांची टाचणं काढताना अध्ययन निष्पत्तींची यादी समोर ठेवावी आणि पाणी-प्रकल्पात कोणत्या निष्पत्ती खरोखर येतात त्यांच्यावर खूण करावी. ओढूनताणून खूण करू नये. राहिलेल्या निष्पत्ती नेहमीच्या तासांना शिकवाव्यात. मूल्यमापनासाठी नवं काही मागायची गरज नाही. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांना जागा दिलेली आहे. फक्त नोंदी खऱ्या हव्यात. ‘प्रकल्प उत्तम’ या नोंदीतून काही कळत नाही. ‘मीटरचा आकडा स्वतः वाचतो, घनमीटरचे लिटर करताना अजून गोंधळतो’ या नोंदीवरून पुढचा आठवडा ठरवता येतो.

ही कल्पना परकी नाही. अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि श्रम व शिक्षण एकत्र नांदवलं. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची मांडणी पुढं आली. 1985 मध्ये कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि प्राथमिकच्या मुलांना अनुभवातून शिकवण्याचा प्रयोग अनेक वर्षं चिकाटीने चालवला. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं. सातारा तालुक्यात कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ज्ञानरचनावाद वर्गात आणला, तेव्हा राज्यभरातले शिक्षक तो पाहायला आले. त्या साध्या सरकारी शाळाच होत्या, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तकही जिल्ह्यागणिक वेगळं निघत आलं आहे. जिल्ह्यापासून गावापर्यंतचं शेवटचं पाऊल शाळेनेच टाकायचं आहे.

प्रकल्पाचा शेवट कुणासमोर होणार, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगावं. प्रदर्शनाच्या दिवशी पालकांनी टाळ्या वाजवल्या की काम संपलं, असं होऊ नये. शाळेत किती पाणी लागतं, कोणते नळ गळतात, दुरुस्तीला किती खर्च येईल, हे मुलांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावं आणि समितीने त्यांना लेखी उत्तर द्यावं. नळ दुरुस्त झाल्यावर पुन्हा आठवडाभर मीटर वाचावं आणि आकडा खरंच उतरला का ते पाहावं. उतरला नसेल तर तेही लिहावं.

हे सगळं एकट्या शिक्षकावर टाकून चालणार नाही. दोन शिक्षकी शाळेत एक जण सरकारी कामाला गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग येतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन-तीन शाळांनी मिळून एकच प्रकल्प आखला, तर टाचणं वाटून घेता येतील. नगरपरिषदेने जलशुद्धीकरण केंद्राची एक सकाळ दर सत्रात शाळांसाठी राखून ठेवावी आणि मुलांशी बोलायला एक कर्मचारी नेमावा. पालकांकडे मागणं एकच आहे: तक्ता करून देऊ नका. मुलाने घरी येऊन प्रश्न विचारला, तर कामातून पाच मिनिटं काढून त्याच्याशी बोला आणि उत्तर माहीत नसेल तर ते कुणाकडे मिळेल एवढं सांगा.