डिझेल कुठं मुरतंय?

खर्ड्यातून निघणाऱ्या पिकअपांत काय नसतं? दुधाचे कॅन, कांद्याच्या गोण्या, उडीद, तूर, बाजारच्या दिवशी शेळ्या आणि सुगीनंतर केबिनच्या दुप्पट उंच रचलेला कडबा. एक गाडी जामखेडवरून नगरकडे, दुसरी बार्शीला, तिसरी भूमला. या सगळ्यांच्या मालकांचा संसार एका आकड्यावर चालतो, तो म्हणजे अ‍ॅव्हरेज. रोज दीडशे किलोमीटर पळणारी पिकअप लिटरला १४ किलोमीटर देत असेल, तर दिवसाला पावणेअकरा लिटर डिझेल पुरतं. तीच गाडी ११ वर आली की साडेतेरा लिटरांनीही भागत नाही. डिझेल ९० रुपये लिटर धरलं, तर रोजचे अडीचशेहून जास्त रुपये आणि महिन्याचे साडेसात हजारांच्या वर जातात. गाडी हप्त्यावर असेल तर झोप उडायला एवढं पुरे.

मग टपरीवर निकाल लागतो: पंपवाल्यानं माप मारलं.

हा संशय निव्वळ हवेतला नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणच्या पंपांवर छापे घातले, तेव्हा डिझेल-पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रांत माप मारणाऱ्या चिपा सापडल्या होत्या. पण चोरीलाही हिशेब असतो. १४ वरून ११ म्हणजे एकवीस टक्क्यांची घट. एवढी घट एकट्या पंपानं करायची तर ४० लिटरचे पैसे घेऊन टाकीत साडेएकतीसच लिटर सोडावे लागतील. अशी चोरी फार दिवस लपत नाही. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे आणि कोणीही ग्राहक त्यात डिझेल मोजून मागू शकतो. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. एकवीस टक्के चोरी असेल तर त्या मापात लिटरभराची खोट उघड्या डोळ्यांना दिसेल. शंका असेल तर माप मागावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माप बरोबर भरलं तर पंपाचा नाद सोडून गाडीकडे वळावं.

दुसरा आवडता आरोपी भेसळ. रॉकेलमध्ये लिटरमागे असलेली ऊर्जा डिझेलपेक्षा जेमतेम तीन-चार टक्क्यांनी कमी असते. म्हणजे पाच लिटरांत एक लिटर रॉकेल मिसळलं तरी ऊर्जेतली घट टक्काभराची नाही. भेसळीचं खरं नुकसान वेगळं आणि जास्त महागडं आहे. डिझेल स्वतःच गाडीतल्या पंपाला आणि नोझलला वंगण देत असतं. ते वंगण गेलं की आतले भाग झिजतात आणि वर्षभरानं मोठं बिल येतं. ढाब्यामागं ड्रममधून ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या मालाचंही तेच. तेव्हा भेसळ तपासायचीच, पंपावर लिहिलेली त्या दिवशीची घनता पडताळून मागायचीच, पण एका आठवड्यात पडलेल्या अ‍ॅव्हरेजचं उत्तर तिथं क्वचितच सापडतं.

तिसरा आरोप साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हटकून ऐकू येतो: इथेनॉलमुळं झालं. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ते नसतं, त्यामुळं डिझेल पिकअपच्या मालकानं इथेनॉलवर राग काढणं म्हणजे शेजाऱ्याच्या विजेच्या बिलावर भांडणं. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांच्या बाबतीत मात्र तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या घडणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज वीस टक्के मिश्रणामुळं सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला आहे.

पहाटे थंड डिझेल भरलं की जास्त मिळतं, हा समज तर अमर आहे. दहा अंशांच्या फरकानं डिझेलचं आकारमान एक टक्कासुद्धा बदलत नाही. शिवाय पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथं पहाट आणि दुपार यांत फारसा भेद नसतो.

गाडीखाली शिरण्याआधी अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का, हे बघायला हवं. पुष्कळदा ते काढण्याची रीतच चुकीची असते. काटा बघून, दिवा लागल्यापासून पुन्हा दिवा लागेपर्यंत, किंवा ‘पाचशेचं टाकलं, इतकं चाललं’ या पद्धतीनं काढलेला आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी सहज इकडंतिकडं होतो. टाकी फुल करायची, मीटर लिहून ठेवायचं, नेहमीसारखी गाडी चालवायची आणि त्याच पंपावर, त्याच नोझलनं, पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत पुन्हा भरायची. असं दोन-तीन टाक्या केल्याशिवाय कुणालाही दोष देऊ नये. मध्यंतरी मोठ्या घेराचे टायर टाकले असतील तर भानगड आणखी मजेशीर होते: टायर पाच टक्के मोठा असेल तर मीटर पाच टक्के कमी किलोमीटर दाखवतं. डिझेल तेवढंच जळतं, अ‍ॅव्हरेज कागदावर पडतं.

आणि काम बदललं असेल तर? बालाघाटाच्या डोंगररांगांचा हा मुलूख. ढोबळ हिशेबानं, मालासकट तीन टन भरणारी गाडी शंभर मीटर उंच चढवायला पाव लिटर डिझेल जास्तीचं लागतं. सपाटीवरचं भाडं सुटून घाटाचं लागलं की आकडा खाली येणारच. वाऱ्याचंही तसंच. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलं की तो पावणेदोन पटींच्याही वर जातो. कडब्याचं वजन कांद्याहून कमी, पण त्याची भिंत हवा अडवते, म्हणून हलकं भाडंही डिझेल खातं. खर्ड्याच्या ज्या भुईकोटात मार्च १७९५ मध्ये निजामाला आसरा घ्यावा लागला, तिथं २०२१ च्या दसऱ्याला ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभा राहिला. चालकांना त्याचा एक फुकटचा उपयोग आहे: वारा कुठून आहे ते लांबून कळतं. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा नगरकडे जाताना तोंडावर असतो, येताना पाठीशी. अ‍ॅव्हरेज काढायचं तर जाऊन-येऊन काढावं.

हे सगळं तपासूनही घट उरली, तर प्रश्न एकच विचारायचा: गेल्या काही दिवसांत गाडीवर काय काम झालं? झिजेनं पडणारं अ‍ॅव्हरेज महिनोन्‌महिने झिरपत पडतं. एका झटक्यात पडलेल्या अ‍ॅव्हरेजमागं बहुतेक वेळा काहीतरी अडकलेलं, फुटलेलं किंवा नुकतंच चुकीचं बसवलेलं असतं.

ब्रेकपासून सुरुवात करावी, कारण तिथं इंजिनाचा काहीच दोष नसतो आणि तरी इंजिनच खोललं जातं. नवे लायनर टाकून जास्त कसले, हँडब्रेकची केबल गंजून अडकली, चिखलानं कॅलिपरची पिन जाम झाली, की चाक ब्रेक धरून बसतं. हा रोध वीस किलो वजनाएवढा जरी असला, तरी शंभर किलोमीटरमागे दीड लिटरहून जास्त डिझेल त्यातच जातं. शंभर किलोमीटरला सात लिटर पिणारी गाडी पावणेनऊवर जाते, म्हणजे अ‍ॅव्हरेज चौदावरून साडेअकराच्या आत. चालकाला मात्र पायाखाली काहीच जाणवत नाही. गिअरमध्ये दम कमी वाटतो, एवढंच. तपासणी फुकट आहे. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवायची, शेवटी ब्रेक न दाबता सपाटीवर आपोआप थांबू द्यायची आणि चारही चाकांच्या जवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. एक चाक इतरांपेक्षा भलतंच तापलेलं असेल तर जॅकवर उचलून ते हातानं फिरवून बघायचं. बेअरिंग बिघडलं असेल तर तेही तिथंच कळतं.

यानंतरचा गैरसमज खास उन्हाळी मुलखातला आहे. ‘गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाका.’ रेडिएटरचं पाणी कधी फिरू द्यायचं ते ठरवणारी ही छोटी झडप इंजिन तापल्यावर, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. ती काढली किंवा उघडीच अडकली, तर इंजिन नेहमी थंडगार राहतं. चालक खूश होतो आणि गाडीचा कॉम्प्युटर मात्र इंजिन अजून तापलं नाही असं समजून जादा डिझेल सोडत राहतो. पंधरा-वीस किलोमीटर झाल्यावरही तापमानाचा काटा तळाशीच लोळत असेल, तर ती चांगली खूण नव्हे. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप बघावा. थर्मोस्टॅट जागेवरच असू द्यावा.

बीएस-६ गाड्यांत हीच थंडी आणखी एक दुखणं वाढवते. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. त्यासाठी इंजिन गरम आणि गाडी थोडा वेळ सलग पळती हवी. वाडी-वस्तीवर दर अर्ध्या किलोमीटरला थांबत दूध गोळा करणाऱ्या पिकअपला ते जमतच नाही. जाळणं सुरू होतं, अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं. प्रत्येक वेळी डिझेल जातं. त्यातलं काही इंजिन ऑइलमध्ये उतरतं. दांडी काढून बघितली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. ‘आमची गाडी ऑइल खात नाही’ असं अभिमानानं सांगणाऱ्यानं ती दांडी जरा हुंगून बघावी. ऑइल पातळ झालेलं असतं, ते लगेच बदलायला हवं. आठवड्यातून एकदा नगर रस्त्यावर अर्धा तास सलग पळवली तर अशा गाडीचं बरंचसं दुखणं कमी होतं. जाळी कापून काढणं हा उपाय गल्लोगल्ली सुचवला जातो. तो बेकायदा आहे.

एअर फिल्टरला मात्र गरजेपेक्षा जास्त बदनाम केलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये कॉम्प्युटर असलेल्या पेट्रोल गाड्यांवर केलेल्या चाचण्यांत, चोंदलेल्या फिल्टरनं गाडीचा वेग घेण्याचा दम कमी झाला, इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही. डिझेलमध्ये फिल्टर पार बुजला तर काळा धूर येतो, तेव्हा तो बदलावाच. पण रोज कॉम्प्रेसरनं हवा मारून तो झाडण्याची सवय घातक. कागदाला बारीक भोकं पडतात आणि मुरुमाच्या रस्त्यावरची धूळ थेट इंजिनात जाते. त्याच धुरासोबत शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि चढावर दम नसेल, तर फिल्टर सोडून टर्बोपासून इंटरकुलरकडे जाणारा रबरी पाईप चाचपावा. क्लॅम्प सैल झालेला किंवा पाईप चिरलेला सापडेल.

टायरची हवा बघावी, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार सगळ्या टायरांत सरासरी एक पीएसआय हवा कमी असेल तर इंधनाचं नुकसान सुमारे ०.२ टक्के, दहा कमी असेल तर दोन टक्के. टायर फुटण्याचा धोका त्याहून मोठा आहे. डिझेलच्या पाईपवर लावायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नयेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं अशी शंभरहून अधिक इंधनबचतीची साधनं तपासली आणि फायदा म्हणावा असा हाती फारसा लागला नाही. घाट उतरताना न्यूट्रल करणंही त्यातलंच. आजचं डिझेल इंजिन गिअरमध्ये, पाय काढलेला असताना, डिझेल पूर्ण तोडतं; न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यासाठी पीतच राहतं. इंजिन बंद करून उतरणाऱ्याच्या ब्रेकची ताकद दोन-तीनदा पाय दाबल्यावर संपते.

एवढं झाल्यावरच इंजेक्टरकडे वळायचं, कारण तिथं खर्च मोठा आहे. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसेल तरी स्कॅनर लावून पाण्याचं तापमान आणि डिझेलचा दाब बघून घ्यावा. मग मिस्त्री चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडतो आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतो. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमा होतं, तेवढाच इंजेक्टर काढून आधी पंप-नोझलवाल्याकडे न्यायचा. चारही एकदम बदलायला सांगणाऱ्याला बाटल्या दाखवायला सांगाव्यात.