समीकरणांचे प्रारंभिक अध्यापन आणि मूर्त साधने : तराजूपासून चिन्हांपर्यंत

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात गणित, अर्थशास्त्र अथवा भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांना एक अनुभव वारंवार येतो. विद्यार्थ्याला विषयातील संकल्पना समजलेली असते, सूत्रही पाठ असते. परंतु त्यातून साधे एकघाती समीकरण उभे राहिले की तो अडखळतो. ३क्ष = १२ यावरून क्ष = १२ − ३ = ९ असे लिहिणारे विद्यार्थी केवळ शाळेतच आढळतात असे नाही. अशा विद्यार्थ्याला कारण विचारले तर "बाजू बदलली की चिन्ह बदलते" असे उत्तर तो आत्मविश्वासाने देतो. नियम त्याच्या लक्षात राहिलेला असतो. मात्र तो कशासाठी आहे आणि कोठे लागू पडतो, हे त्याला कधी उमगलेलेच नसते.

ही उणीव महाविद्यालयात निर्माण होत नाही. समीकरणाची पहिली ओळख ज्या काही तासिकांमध्ये होते, तेथे तिचे मूळ असते. त्या तासिका घेणारे शिक्षक अध्यापक महाविद्यालयांतून तयार होतात. म्हणून हा प्रश्न शाळेइतकाच महाविद्यालयीन अध्यापकांचाही आहे. हाताळता येणाऱ्या मूर्त साधनांच्या साहाय्याने समीकरणाची उकल कशी शिकविता येते, त्या साधनांची मर्यादा कोठे येते आणि ती बाजूला केव्हा ठेवावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडचणीचे मूळ : 'बरोबर' हे चिन्ह

समानतेसाठी दोन समांतर रेषांचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली आपल्या ग्रंथात प्रथम वापरले. दोन समांतर रेषांहून अधिक सारख्या अशा दोन गोष्टी असू शकत नाहीत, असे कारण त्यांनी दिले होते. अंकगणिताच्या वर्गात मात्र या चिन्हाचा अर्थ हळूहळू बदलतो. ८ + ४ = असे लिहिले की पुढे उत्तर लिहावयाचे, या सवयीमुळे '=' हे चिन्ह समानतेचे न राहता 'आता उत्तर लिहा' अशी आज्ञा बनते. कॅरोलिन किअरन यांनी १९८१ मध्ये या चिन्हाविषयीच्या विद्यार्थ्यांच्या कल्पनांची सविस्तर चर्चा केली. १९९९ साली फॉकनर, लेव्ही व कार्पेंटर यांनी अमेरिकेतील सहावीच्या १४५ विद्यार्थ्यांविषयी दिलेली माहिती या संदर्भात बोलकी आहे. ८ + ४ = □ + ५ या उदाहरणात चौकटीत ७ ही संख्या एकाही विद्यार्थ्याने लिहिली नाही; सर्वांची उत्तरे १२ किंवा १७ अशी होती.

दुसरी अडचण फिलॉय व रोहानो यांनी १९८९ मध्ये दाखवून दिली. २क्ष + ३ = ११ हे समीकरण विद्यार्थी उलट्या क्रमाने हिशेब करून, म्हणजे निव्वळ अंकगणिताने, सोडवू शकतो. परंतु ३क्ष + २ = क्ष + १० येथे अज्ञात राशी दोन्ही बाजूंना असल्यामुळे उलटा हिशेब चालत नाही. जी संख्या अद्याप ठाऊकच नाही, तिच्यावरच क्रिया करावी लागते. अंकगणित संपते आणि बीजगणित सुरू होते ते या ठिकाणी. नेमक्या याच ठिकाणी मूर्त साधनांची खरी आवश्यकता असते.

तिसरी अडचण अक्षराच्या अर्थाची आहे. अनेक विद्यार्थी अक्षराला संख्या न मानता वस्तू मानतात, हे कुचेमन यांनी १९८१ साली इंग्लंडमधील अभ्यासातून निदर्शनास आणले. '५ आंबे म्हणजे ५आ' अशी ओळख करून देणारा शिक्षक नकळत हाच गैरसमज दृढ करीत असतो.

मूर्त साधनांमागील विचार

जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये ज्ञानाच्या मांडणीचे तीन प्रकार सांगितले : कृतिरूप, प्रतिमारूप आणि प्रतीकरूप. प्रथम हाताने करणे, नंतर चित्रात पाहणे आणि शेवटी चिन्हात लिहिणे, असा हा क्रम आहे. झोल्टान डीन्स यांनी गणिताच्या अध्यापनासाठी ठोकळ्यांचा पद्धतशीर उपयोग केला व एकच संकल्पना निरनिराळ्या साधनांतून मांडावी असा आग्रह धरला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००७ सालच्या सातवीच्या पाठ्यपुस्तकातही साधी समीकरणे तराजूच्या आधारे मांडली होती. परंतु पुस्तकात छापलेला तराजू हे चित्र असते. त्याच्या पारड्यातून विद्यार्थ्याला काही उचलता येत नाही. ब्रूनर यांच्या क्रमातील पहिली पायरी वगळून आपण थेट दुसऱ्या पायरीवर उभे राहतो.

काडेपेट्या आणि चिंचोके : एक पाठ

या पायरीसाठी खर्चिक साहित्य लागत नाही. रिकाम्या काडेपेट्या, चिंचोके आणि मधोमध उभी रेषा आखलेला एक मोठा कागद एवढे पुरेसे आहे. आरंभी दोन करार स्पष्ट करावेत. पहिला, रेषेच्या दोन्ही बाजूंना चिंचोक्यांची एकूण संख्या, पेट्यांतील धरून, सारखीच असते. दुसरा, एका उदाहरणातील प्रत्येक पेटीत सारखेच चिंचोके असतात.

प्रत्यक्ष तराजू वापरावयाचा असल्यास दोन दक्षता घ्याव्या लागतात. सगळे चिंचोके सारख्या वजनाचे नसतात. म्हणून त्यांच्याऐवजी एकाच मूल्याची व एकाच प्रकारची नाणी घ्यावीत. शिवाय पेटीला स्वतःचे वजन असते. म्हणून एका पारड्यात जितक्या भरलेल्या पेट्या असतील तितक्याच रिकाम्या पेट्या दुसऱ्या पारड्यात ठेवाव्यात. या गोष्टी विसरल्यास तराजू झुकतो आणि विद्यार्थ्यांचा समानतेवरील विश्वासच डळमळतो.

शिक्षकाने चार पेट्यांमध्ये प्रत्येकी चार चिंचोके आधीच भरून ठेवावेत. डाव्या बाजूला तीन पेट्या व दोन सुटे चिंचोके, तर उजव्या बाजूला एक पेटी व दहा सुटे चिंचोके मांडावेत. 'पेटी न उघडता आत किती चिंचोके आहेत ते सांगा' हा प्रश्न आहे. दोन्हीकडून एक-एक पेटी उचलली तर समानता टिकेल का, असे विचारल्यावर बहुतेक विद्यार्थी होकार देतात. पेटीत किती आहेत हे ठाऊक नसूनही ती उचलता येते, हा या पाठाचा गाभा आहे. प्रत्येक कृती होताच तिची ओळ फळ्यावर व वहीत लिहावी :

३क्ष + २ = क्ष + १०
२क्ष + २ = १० (दोन्हीकडून एक पेटी काढली)
२क्ष = ८ (दोन्हीकडून दोन चिंचोके काढले)
क्ष = ४ (दोन पेट्यांत सारखी वाटणी केली)

शेवटी पेटी उघडावी आणि दोन्ही बाजू मोजाव्यात. दोन्हीकडे १४ भरतात. ताळा करणे ही एरवी विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटणारी पायरी येथे सर्वांच्या उत्सुकतेचा क्षण ठरते.

आरंभी उल्लेखिलेली ३क्ष = १२ ची चूकही येथे आपोआप उघडी पडते. डावीकडे तीन पेट्या आहेत. तीन सुटे चिंचोके नाहीत. मग उजवीकडून तीन चिंचोके कशाच्या बदल्यात काढावयाचे? पेट्या तीन असल्यामुळे बारा चिंचोक्यांची तीन ठिकाणी वाटणी करावी लागते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी कळते. बेरजेचा संबंध वजाबाकीने आणि गुणाकाराचा संबंध भागाकाराने का सुटतो, यासाठी वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

बोलताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. क्ष म्हणजे पेटी नव्हे. क्ष म्हणजे पेटीतील चिंचोक्यांची संख्या होय.

तराजूची मर्यादा

येथपर्यंत सर्व सुरळीत चालते. परंतु क्ष + ५ = २ हे समीकरण समोर आले की तराजू निरुपयोगी ठरतो. पाच चिंचोके आधीच असलेले पारडे दोन चिंचोक्यांच्या पारड्याशी समतोल राहील, अशी कोणतीही पेटी अस्तित्वात नाही. जोएल व्लासिस यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवीच्या वर्गांमध्ये हेच आढळले. दोन्ही बाजूंवर सारखी क्रिया करण्याचे तत्त्व तराजूमुळे विद्यार्थ्यांच्या मनावर दीर्घकाळ ठसले. परंतु ऋण संख्या आल्यावर होणाऱ्या चुका त्याने टळल्या नाहीत. तराजूचे प्रतिमान समानतेचा अर्थ सांगते. ऋणत्वाचा अर्थ सांगत नाही. त्यासाठी वेगळे प्रतिमान हवे.

धन, ऋण आणि भास्कराचार्यांचे घोडे

हे प्रतिमान भारतीय परंपरेत उपलब्ध आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन व ऋण राशींचे नियम दिले. त्यातील धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात (इ.स. ११५०) एकवर्ण समीकरणाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एका व्यक्तीजवळ ३०० नाणी व ६ घोडे आहेत. दुसऱ्या व्यक्तीजवळ १० घोडे आहेत, परंतु तिच्यावर १०० नाण्यांचे कर्ज आहे. सर्व घोड्यांची किंमत सारखी आणि दोघांची संपत्तीही सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत किती? समानतेसाठी येथे वजन नसून वित्त घेतले आहे, आणि वित्तात कर्जाला जागा आहे. शिवाय अज्ञात राशी घोडा नसून घोड्याची किंमत आहे, म्हणजे संख्याच आहे.

हे उदाहरण वर्गात मांडण्यासाठी फोडलेले चिंचोके उपयोगी पडतात. घरगुती खेळांत फाशांऐवजी वापरतात तसे हे अर्धे चिंचोके एका बाजूने पांढरे व दुसऱ्या बाजूने काळपट असतात. पांढरी बाजू धन व काळी बाजू ऋण मानावी. एक पांढरा आणि एक काळा मिळून शून्यजोडी होते. ती केव्हाही काढून टाकता येते. प्रत्येक चिंचोका १०० नाण्यांचा धरल्यास डावीकडे सहा पेट्या व तीन पांढरे, तर उजवीकडे दहा पेट्या व एक काळा चिंचोका येतो. दोन्हीकडून सहा पेट्या काढल्या असता डावीकडे तीन पांढरे, उजवीकडे चार पेट्या व एक काळा उरतो. दोन्हीकडे एक-एक पांढरा घातला की उजवीकडील काळ्याची जोडी नाहीशी होते. चार पेट्यांसमोर चार पांढरे राहतात; म्हणून घोड्याची किंमत १०० नाणी.

बगदाद येथे इ.स. ८२० च्या सुमारास अल-ख्वारिझ्मी याने ज्या क्रियेला 'अल-जब्र' म्हणजे पूर्ववत करणे असे नाव दिले, ती उणे असलेली राशी दोन्ही बाजूंना मिळवून भरून काढण्याची हीच क्रिया होय. 'अल्जिब्रा' हा शब्द त्यावरूनच आला. ज्याला आपण पक्षांतर म्हणतो ते वस्तुतः दोन्ही बाजूंवर केलेल्या सारख्या क्रियेचे संक्षिप्त रूप आहे. पद उडी मारून पलीकडे जात नाही. ते एका बाजूला नाहीसे होते आणि दुसऱ्या बाजूला त्याची भरपाई दिसते.

याच रीतीने क्ष + ५ = २ मध्ये दोन्हीकडे पाच काळे घातल्यास उजवीकडे दोन शून्यजोड्या निघून जातात आणि तीन काळे उरतात; म्हणजेच क्ष = −३.

साधनांकडून चिन्हांकडे

मूर्त साधने वर्गात आणली की गणित आपोआप समजते, हा भ्रम आहे. डेबोरा बॉल यांनी १९९२ साली या अवाजवी अपेक्षेविषयी सावध केले होते. शिक्षकाला साधनात गणित दिसते, कारण ते त्याला आधीच ठाऊक असते; विद्यार्थ्याला मात्र केवळ पेट्या दिसू शकतात. कार्बोनो, मार्ली व सेलिग यांनी २०१३ मध्ये ५५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. केवळ चिन्हांच्या आधारे केलेल्या अध्यापनापेक्षा मूर्त साधनांच्या बाजूने अल्प ते मध्यम परिणाम त्यांना आढळला. परंतु शिक्षकाच्या मार्गदर्शनासारख्या घटकांनुसार तो बदलत होता. यावरून पुढील दक्षता सुचविता येतात :

१) कृती आणि लेखन यांत अंतर पडू देऊ नये. आज खेळ आणि उद्या समीकरण असे केल्यास दोहोंचा संबंध विद्यार्थ्याच्या मनात जुळत नाही.
२) पेट्यांनंतर लगेच केवळ चिन्हांवर न जाता, पेटीसाठी चौकट व चिंचोक्यासाठी ठिपका काढून काही उदाहरणे चित्राने सोडवावीत.
३) विद्यार्थी पुढील कृती हात लावण्यापूर्वीच सांगू लागला की साधने मागे घेण्याची वेळ आली असे समजावे.
४) ४७क्ष + १३८ = ६०८ यासारखे समीकरण मुद्दाम द्यावे. एवढे चिंचोके मांडणे शक्य नसते. तरी "दोन्हीकडून १३८ काढू" असे विद्यार्थी म्हणाला, तर तत्त्व साधनातून सुटून त्याच्या विचारात आले आहे.
५) उत्तराबरोबरच प्रत्येक पायरीचे कारणही विचारावे आणि मूल्यमापनात त्याला गुण ठेवावेत.

उत्तर अपूर्णांकात येते तेव्हा अथवा क्षचा वर्ग येतो तेव्हा काडेपेट्यांचे काम संपते. तो त्यांचा दोष नव्हे. आधार सुटण्यासाठीच दिलेला असतो.

समारोप

एकच साधन सर्व ठिकाणी पुरत नाही. समानतेसाठी समतोल, ऋणत्वासाठी धन-ऋण आणि सर्वसामान्य पद्धतीसाठी चिन्हे, असा प्रवास शिक्षकाने जाणीवपूर्वक आखावा लागतो. पद्धतीच्या वर्गात भावी शिक्षकांना या साधनांविषयी केवळ व्याख्यान न देता, त्यांच्याच हाती पेट्या व चिंचोके देऊन क्ष + ५ = २ हे समीकरण सोडवावयास लावले, तर साधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही त्यांच्या अनुभवाला येतील. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा नियम मग ते शिकवतीलही. पण तो पाठाच्या आरंभी न सांगता, विद्यार्थ्यांनी स्वतः शोधलेला निष्कर्ष म्हणून पाठाच्या शेवटी सांगतील.