३८४ उत्तरं, पण प्रश्न कोणता?

वाणिज्य आणि व्यवस्थापनातले पीएचडीचे प्रबंध चाळताना एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: ३८४. लोकसंख्या लाखांच्या घरात असेल तर नमुना एवढा घ्यावा, असं क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता सांगतो. पण तो तक्ता आहे यादृच्छिक नमुन्यासाठी. आपल्याकडे गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवून ओळखीपाळखीचे ३८४ जण गाठतात, उत्तरं एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतल्या अंतर्गत सुसंगतीचं माप, ०.७ च्या वर गेला की गाईडही खूश, विद्यार्थीही. मुळात प्रश्न संशोधनाच्या लायकीचा होता का, हे विचारायचं राहूनच जातं.

हे नियमांअभावी घडतं असंही नाही; २००९ पासून पीएचडीला नियमांची कमतरता नाही. त्या वर्षी यूजीसीनं प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचं केलं. एका गाईडकडे आठच विद्यार्थी, हेही तेव्हाच ठरलं. २०१६ मध्ये ही मर्यादा हुद्द्यानुसार आठ, सहा, चार झाली आणि दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणं आलं. ते योग्यच होतं. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याच्या सक्तीनं मात्र पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं फावलं. २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. २०२२ मध्ये ती सक्ती गेली, हे बरं झालं. त्याच वेळी एमफिलही बंद झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. छोट्या विषयावर लिहून, चुकून, सुधारून हात बसवायची ती जागा होती.

अहमदाबादच्या आयआयएममध्ये १९७१ मध्ये फेलो प्रोग्रॅम म्हणून सुरू झालेल्या अभ्यासक्रमात आधी दीर्घ कोर्सवर्क, मग सर्वंकष परीक्षा आणि त्यानंतर प्रबंध, असा क्रम आहे. विद्यापीठांत मात्र कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटचं. नोकरी सांभाळून येणारा प्राध्यापक तेही शनिवार-रविवारी उरकतो. नियमांनी डोकी मोजली, निबंध मोजले, साम्याची टक्केवारी मोजली. गाईडनं विद्यार्थ्यासोबत कच्च्या मसुद्यावर बसून घालवलेले तास मात्र कुठेच मोजले गेले नाहीत, आणि संशोधक घडतो तो तिथेच.

यंदा नोंदणी करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. गाईड ठरवण्याआधी त्यांच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात उघडा आणि संशोधन पद्धतीचं प्रकरण वाचा. दोन्हींत तीच प्रश्नावली आणि तोच नमुना दिसला, तर दुसरा गाईड शोधा.