वलय की रांग?

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आज कारखान्यातल्या केबलींवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ द्या.

बाटल्या भरणारी एक लाइन डोळ्यांपुढे आणा. पट्ट्याच्या कडेने तीस ड्राइव्ह आणि सेन्सर आहेत. प्रत्येकाची केबल वेगळी मुख्य स्विचपर्यंत नेली तर खर्च वाढतो आणि पॅनेलमध्ये गुंता होतो. म्हणून उपकरणातच दोन पोर्टचा छोटा स्विच बसवतात. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी केबल जाते. ही झाली रांग. हिच्यात बाराव्या उपकरणाची वीज गेली, की तेराव्यापासून पुढचे सगळे कंट्रोलरपासून तुटले.

मग शेवटच्याची केबल परत कंट्रोलरकडे आणायची. झालं वलय! एका जागी तुटलं तर निरोप उलट्या बाजूने जाईल. पण इथे एक गंमत आहे, बरं का. इथरनेटच्या फ्रेमला वयोमर्यादा नसते. सर्वांसाठी सोडलेली फ्रेम बंद वलयात शिरली की फिरतच राहते, आणि थोड्याच वेळात सगळं जाळं ठप्प. म्हणून एक उपकरण राखणदार नेमतात. ते आपला एक पोर्ट नेहमीच्या वाहतुकीला बंद ठेवतं. म्हणजे तारेने वलय, पण व्यवहारात रांगच! राखणदार चाचणीच्या फ्रेमा फिरवत राहतो. त्या परत येईनाशा झाल्या की बंद पोर्ट उघडतो.

याला वेळ किती? ५० उपकरणांच्या वलयाला एमआरपीच्या नेहमीच्या मांडणीत जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद, तर डीएलआरमध्ये ३ मिलिसेकंदांहून कमी. ठरल्या वेळात कंट्रोलरचा निरोप आला नाही तर ड्राइव्ह स्वतःच थांबतो, म्हणून हा आकडा बघायचा.

मला खटकतं ते निराळंच. केबल तुटली तरी लाइन चालूच राहते, म्हणून कुणी फिरकत नाही. वलयाची गुपचूप रांग झालेली असते. महिन्याभराने दुसरीकडे तुटतं आणि मधली सगळी उपकरणं एकदम गायब होतात. दोष दुसऱ्या केबलवर येतो. वास्तविक चूक पहिल्या दिवशीच झालेली असते.

आणि ही माहिती लपलेली नसते हो! डीएलआरचा राखणदार वलयात बिघाड असल्याची नोंद ठेवतो, प्रत्येक बाजूला शेवटचं जिवंत उपकरण कोणतं हेही सांगतो. त्या दोन उपकरणांच्या मधली केबल तपासायची. ही नोंद ऑपरेटरच्या पडद्यावर आणून ठेवा, पाळी बदलताना वाचली जाईल अशी.