दाढ काढण्यापूर्वी व काढल्यानंतर : रुग्णास आपण काय सांगावे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चिकित्सालयात नियमित येणारे एक शिक्षक सायंकाळी गालाला हात लावून आले. सकाळीच त्यांची खालची दाढ दंतवैद्याने काढली होती. बधिरता उतरली होती आणि ठणका सुरू झाला होता. आम्ही त्यांना त्रिफळा क्वाथाने दिवसातून चार वेळा खळखळून चुळा भरण्यास सांगितले. क्वाथ योग्य, हेतू योग्य. वेळ मात्र चुकली. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणाऱ्या वेदनेने रात्रभर जागून ते पुन्हा दंतवैद्याकडे गेले. दाढेच्या खळग्यातील रक्ताची गुठळी निघून गेली होती आणि आतील अस्थी उघडी पडली होती. दंतवैद्याने कोणासही दोष दिला नाही. ‘पहिल्याच दिवशी चुळा कोणी भरायला सांगितल्या?’ एवढेच त्यांनी विचारले. त्याचे उत्तर आमच्याकडे होते.

हा लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे. आपल्यापैकी बहुतेक वैद्य मुखातील शस्त्रकर्म स्वतः करीत नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणक्रमासाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यावर बरीच चर्चा झाली. परंतु तो प्रश्न पदव्युत्तर शल्यज्ञांचा आहे. सामान्य वैद्याचा आणि औषधालय चालविणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. ‘दाढ काढू का?’ हे रुग्ण दंतवैद्याच्या आधी आपल्याला विचारतो आणि दाढ काढल्यावर दुखू लागले की प्रथम आपल्याच पायरीवर येतो. त्या दोन्ही वेळी आपण काय बोलतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

ग्रंथातील वारसा आणि वरच्या दाताची भीती

मुखरोगांचा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतांनी ६५ मुखरोग सांगितले, वीस शस्त्रांत दंतशंकूची गणना केली आणि दंतमूलास इजा न करता दंतशर्करा काढावी, असा आजही लागू पडणारा दंडक घातला. शेवटच्या दाढेपाशी मोठी सूज, तीव्र वेदना व लालास्राव असलेला ‘अधिमांस’ वाचताना अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीचा शोथ डोळ्यांपुढे येतो.

त्याच चिकित्सास्थानात एक निषेधही आहे. वरचा दात समूळ काढल्यास अतिरक्तस्राव होऊन दृष्टिनाश, अर्दित यांसारखे विकार होतात. म्हणून वरचा दात हलत असला तरी काढू नये, असे तेथे म्हटले आहे. ‘वरची दाढ काढली की डोळा जातो’ हा खेडोपाडी आजही ऐकू येणारा समज या वचनाशी जुळणारा आहे. रुग्ण हे बोलतो तेव्हा हसण्यावारी नेऊ नये. रक्त थांबविण्याची, जंतुसंसर्ग आवरण्याची आजची साधने नव्हती, त्या काळी असा निषेध सावधगिरीचाच होता, असे आम्हास वाटते. आज परिस्थिती उलट आहे. नियमपूर्वक दात काढल्याने दृष्टी जात नाही. पू झालेला वरचा दात महिनोन् महिने तसाच ठेवला, तर मात्र संसर्ग गालाच्या अस्थिविवरात आणि क्वचित नेत्राभोवतीच्या भागात पसरू शकतो. म्हणजे डोळ्याच्या काळजीपोटीच असा दात वेळेवर दाखवावा, हे रुग्णास पटवून देणे आपल्याला अधिक सोपे आहे. कारण तो ग्रंथ आपला आहे.

तपासणी व तंत्र

एका-दोन दातांसाठी लहान क्ष-किरण चित्र पुरेसे असते. दोन्ही जबडे एकत्र दाखविणाऱ्या चित्रास ओपीजी म्हणतात. सीबीसीटी ही त्रिमितीय तपासणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आली. तिच्यात किरणांची मात्रा ओपीजीपेक्षा सामान्यतः अधिक असते, म्हणून ती प्रत्येकास लागत नाही. खालच्या अक्कलदाढेची मुळे ओठ-हनुवटीला संवेदना देणाऱ्या नाडीच्या अगदी जवळ असतील किंवा दंतरोपण करावयाचे असेल, तर तिचा खरा उपयोग होतो. या नाडीस धक्का बसल्यास ओठाचा अर्धा भाग काही आठवडे वा महिने, क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो. ही शक्यता शस्त्रकर्मापूर्वी विचारून घ्यावी, असे रुग्णास सांगावे.

दाढ बहुधा स्थानिक बधिरतेत काढतात. लिग्नोकेनबरोबर थोडे अॅड्रिनॅलिन असते. त्यामुळे रक्तस्राव कमी होतो व बधिरता टिकते. खालचा ओठ दोन ते चार तास जड राहतो. त्या काळात मुले ओठ चावून जखम करून घेतात, म्हणून लक्ष ठेवावे लागते. पुष्कळ रुग्ण शस्त्रकर्म म्हणून उपाशी जातात आणि भीती व उपवास मिळून खुर्चीतच त्यांना भोवळ येते. केवळ स्थानिक बधिरता असेल तर हलके जेवून जावे. मधुमेही रुग्णाने तर अवश्य. संपूर्ण भूल द्यावयाची असल्यासच उपवास, आणि तो सांगितल्याप्रमाणे.

‘लेझरने दाढ काढतात’ असा एक समज आढळतो. लेझरचा उपयोग मुख्यतः हिरडीसारख्या मृदू भागावर होतो. दाढ आजही हातातील उपकरणांनीच सैल करून काढतात. अक्कलदाढ अस्थीत रुतलेली असेल तर हिरडी उघडून थोडी अस्थी कोरावी लागते, दाढेचे तुकडे करावे लागतात व टाके पडतात. अशा वेळी दोन-तीन दिवस सूज वाढणे आणि तोंड कमी उघडणे स्वाभाविक आहे.

दंतरोपणाविषयीही विचारणा वाढली आहे. टायटॅनियम जिवंत अस्थीशी एकजीव होते, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णात असे रोपण केले. अस्थीशी जोड पक्का होण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान व अस्वच्छ हिरड्या ही अपयशाची मोठी कारणे आहेत; त्यांवर काम करण्यास वैद्याला पुरेपूर वाव आहे.

दंतवैद्यास कळलेच पाहिजे असे

रुग्ण घेत असलेल्या औषधांची यादी आपण स्वतः चिठ्ठीवर लिहून द्यावी. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे रुग्णाने परस्पर थांबवू नयेत आणि आपणही थांबवू नयेत. एका दाढेसाठी हृदयाचा वा मेंदूचा धोका ओढवून घेणे योग्य नाही. त्याच यादीत आपले लसूणकल्प, गुग्गुळकल्प व इतर चालू औषधेही प्रांजळपणे लिहावीत.

अस्थिक्षयासाठी वा कर्करोगात दिल्या जाणाऱ्या अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड या गटातील औषधांमुळे, तसेच डेनोसुमॅबमुळे, दाढ काढल्यावर जबड्याची अस्थी निर्जीव होण्याचा धोका असतो. वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन रुग्ण विसरतो; म्हणून मुद्दाम विचारावे. जबड्यावर किरणोपचार झालेल्या रुग्णाची दाढ तर त्याच्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्याशिवाय काढू नये. हृदयाची कृत्रिम झडप असल्यास तेही आधी कळवावे.

पहिले चोवीस तास

दाढ काढलेल्या खळग्यातील रक्ताची गुठळी म्हणजे निसर्गाने बांधलेली पट्टी होय. तिच्याखालीच नवी धातू तयार होते. ती निसटली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तीव्र वेदना, दुर्गंधी व उघडी अस्थी अशी स्थिती येते. दंतवैद्य तिला ड्राय सॉकेट म्हणतात. पुढील सूचना औषधालयाच्या फलकावर लावण्यास हरकत नाही :

१. गॉजची घडी अर्धा ते पाऊण तास घट्ट दाबून धरावी.
२. पहिले चोवीस तास चुळा, गुळण्या, गंडूष, कवल काहीही नको. वारंवार थुंकू नये, नळीने पेय ओढू नये. लाळेत किंचित लाली दिसणे स्वाभाविक आहे.
३. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ थांबून थांबून लावावा. शेक, उपनाह वा गरम लेप लावू नये.
४. कोमट मऊ भात, खिचडी, ताक, दूध घ्यावे. कढत व तिखट वर्ज्य.
५. विडी, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. खळग्यात लवंगतेल, हळद वा कोणतेही चूर्ण भरू नये.
६. चोवीस तासांनंतर कोमट मिठाचे पाणी तोंडात हळुवार धरून सोडावे.

यात आपल्या चिकित्सेचे स्थान नाही, असे कोणी समजू नये. दुसऱ्या दिवसापासून गाळलेला कोष्ण त्रिफळा क्वाथ न खळखळता धरता येतो. इरिमेदादि तैलाचा गंडूष जखम वरून मिटल्यावर, दंतवैद्यास दाखवून, साधारण आठवड्यानंतर सुरू करावा, असा आमचा परिपाठ आहे.

औषधालयाच्या मालकांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. ड्राय सॉकेटची वेदना प्रतिजैविके बदलून जात नाही. खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवावी लागते. म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या मागणाऱ्यास गोळ्या देऊन परत न पाठवता दंतवैद्याकडे पाठवावे. दुसरी गोष्ट मिश्रीची. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे. तरी ‘दाढेला आराम पडतो’ म्हणून मिश्री लावणाऱ्या स्त्रिया आजही आपल्याकडे येतात. त्यांना समजावण्याची संधी दंतवैद्यापेक्षा आपल्याला अधिक वेळा मिळते.

जेथे थांबू नये

हनुवटीखाली दोन्ही बाजूंस कडक सूज, जीभ वर उचललेली, गिळता न येणे, ज्वर व श्वासास अडथळा ही लक्षणे दिसली की एकही मात्रा देण्यात वेळ न घालवता रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठवावे. लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णिलेली ही अवस्था काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकते. दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव हेही तातडीचे लक्षण आहे.

दोन आठवड्यांत न भरणारा मुखव्रण, पांढरा वा लाल चट्टा, कारणाशिवाय हलू लागलेला दात, दाढ काढल्यावर न भरता मांस वाढत चाललेला खळगा, कमी कमी उघडणारे तोंड यांत मुखपाकाची औषधे बदलत राहणे हा अपराध ठरू शकतो. येथे छोटा तुकडा काढून तपासणी आवश्यक असते. ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ या भीतीने रुग्ण ती टाळतात. तपासणीने रोग पसरत नाही. टाळाटाळीत गेलेल्या महिन्यांत तो पसरतो. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांचा मार्ग दाखवावा.

त्या शिक्षकांचा खळगा पुढे नीट भरला आणि ते आजही आमच्याकडे येतात. तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात एक पद्धत आहे : मुखाच्या तक्रारीचा रुग्ण आला की ‘दात काढून किती तास झाले?’ हा प्रश्न आधी विचारायचा आणि मगच औषधाकडे हात न्यायचा. सभासदांनी आपल्या गावातील दंतवैद्याची एकदा भेट घ्यावी आणि दोघांच्या सूचना एकमेकांस छेद देणार नाहीत, एवढे तरी ठरवून घ्यावे. काळाचा विचार हा चिकित्सेचाच भाग आहे, हे आपले शास्त्र आपल्याला शिकवीत आले आहे. दाढेच्या खळग्याबाबत आम्ही ते एकदा विसरलो होतो.