ठोके साठच्या खाली गेले की गोळी का थांबते?

परिचर्येच्या शिक्षणात दोन विषयांची विद्यार्थ्यांना विशेष धास्ती वाटते. रोगामुळे शरीराचे कार्य कसे बिघडते हे सांगणारे पॅथोफिजिऑलॉजी हा एक, आणि औषधांची क्रिया उलगडणारे फार्माकॉलॉजी हा दुसरा. पुस्तके वेगळी असली, तरी रुग्णशय्येपाशी या दोहोंची फारकत करता येत नाही. डिगॉक्सिन हे त्याचे बोलके उदाहरण होय.

हे औषध डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळते. इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये या वनस्पतीच्या औषधी उपयोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हृदयाचा स्नायू क्षीण झाला की रक्त पुरेशा जोराने पुढे ढकलले जात नाही आणि फुप्फुसांत व पायांत पाणी साचते. डिगॉक्सिन हृदयपेशींच्या आवरणावरील सोडियम-पोटॅशियम पंप अडवते. परिणामी पेशीत कॅल्शियम वाढते व आकुंचन जोरकस होते.

मात्र त्याच पंपावरील जागेसाठी पोटॅशियमचीही डिगॉक्सिनशी स्पर्धा असते. साचलेले पाणी काढण्यासाठी दिलेले फ्युरोसेमाइड लघवीवाटे पोटॅशियमही घालवते. रक्तातील त्याचे प्रमाण दर लिटरला ३.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली घसरले, की डिगॉक्सिनला मोकळे रान मिळते आणि नेहमीचीच मात्रा विषारी ठरू शकते. हे औषध मुख्यत्वे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने वृद्धांना धोका अधिक असतो.

म्हणूनच गोळी देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत आणि प्रौढ रुग्णाचे ठोके ६० हून कमी असल्यास मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवावे, असे शिकवले जाते. नियम पाठ करणाऱ्याच्या लक्षात केवळ आकडा राहतो. ज्या परिचारिकेला कारण उमगले आहे, ती ठोके ७२ असतानाही सावध होते. आजींना अन्नावरची वासना उडाल्यासारखे वाटते, मळमळते, दिव्याभोवती पिवळसर वलय दिसते, असे कळताच ती गोळी बाजूला ठेवते, पोटॅशियमचा अहवाल पाहते आणि डॉक्टरांना बोलावते.

एप्रिल २०२३ पासून बदललेल्या एन्क्लेक्स या परवाना परीक्षेचा रोखही याच विवेकाकडे आहे. तीत एका रुग्णाची उलगडत जाणारी हकिकत देऊन तिच्यावर सहा प्रश्न विचारले जातात. महाराष्ट्रात शिकून अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका होऊ इच्छिणाऱ्यांनाही ही परीक्षा द्यावी लागते. औषध लिहून देणारे आणि तयार करणारे हात वेगळे असतात. पण रुग्णालयात गोळी रुग्णाच्या तळहातावर ठेवते ती परिचारिका. आधीची एखादी चूक निसटली असेल, तर ती अडवण्याची अखेरची संधी बहुधा तिच्याच हाती असते.