खुर्ची मिळाली, आता माणसे जोडा!



सकाळी सात-साडेसातला कल्याण स्टेशनच्या पुलावर उभे राहा. आपला समाज कामाला निघालेला दिसेल. कोणी डोंबिवली एम.आय.डी.सी.त, कोणी ठाण्याच्या वागळे इस्टेटला, कोणी रेल्वेत, कोणी सरकारी कचेरीत. एके काळी या गर्दीतला आपला माणूस बहुधा हाताखालचाच असे. आज त्यात सुपरवायझर आहेत, हेडक्लार्क आहेत, अधिकारीही आहेत. ही बाबासाहेबांच्या लढ्याची फळे आहेत. म्हणूनच एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. आपण साहेब झालो, पण आपल्या हाताखालच्यांना आपण कसे वागवतो?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी पुढे मनमाडला जाते. तेथे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केले. आपला गँगमन जन्मभर गँगमनच राही. त्याला साधी पोर्टरची जागाही मिळत नसे, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेई आणि त्याला घरात अस्पृश्य चालत नसे. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला शिरू देत नसत. वरच्या माणसाच्या मनात विटाळ असला की खालच्या माणसाच्या ताटातली भाकरी कमी होते, हे आपल्या आजोबांनी भोगले आहे.

तीच वृत्ती आपल्या खुर्चीत येऊन बसत नाही ना? येथे आमचीच चूक सांगतो. आमच्याकडे प्रथमच सेक्शनचा चार्ज आला, तेव्हा एक कनिष्ठ कारकून लोकल चुकल्यामुळे उशिरा आला. आम्ही त्याला चारचौघांत फैलावर घेतले. दोन महिन्यांनी त्याच्या हातून एक व्हाउचर दोनदा पास झाले. त्याच्या ते त्याच दिवशी लक्षात आले होते, पण तो गप्प राहिला. ऑडिटमध्ये ते निघाले आणि मेमो दोघांनाही मिळाला. का लपवलेस, असे विचारले तर तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पुन्हा सगळ्यांसमोर बोलाल म्हणून भ्यालो."

घरी हे सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "तुमच्या पहिल्या साहेबाबद्दल तुम्ही घरी येऊन हेच सांगायचात की!" रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी, ज्यांच्यासमोर त्याला बोललो होतो त्यांच्यासमोरच, आम्ही त्याची माफी मागितली. तेव्हापासून चूक झाली की माणसे आपणहून सांगू लागली.

आमच्या कचेरीत भीतीची किंमत एक मेमो होती. केमिकल कारखान्यात ती जिवाने मोजावी लागते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा डोंबिवलीकर विसरणार नाहीत. अशा ठिकाणी "साहेब, वास येतोय, मशीन गरम झालंय" असे म्हणायला कामगार कचरता कामा नये. आणि असे सांगणाऱ्याला सुपरवायझरने हिडीसफिडीस करता कामा नये.

मग चांगल्या साहेबाने वागावे कसे? तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे. अन्न व वेतन द्यावे. आजारपणात काळजी घ्यावी. गोडधोड वाटून खावे. वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. कामगाराचीही कर्तव्ये त्यात आहेत: दिलेले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे, मालकाची कीर्ती राखावी. म्हणजे कामचुकारपणाला येथे थारा नाही. सुत्त दोन्ही बाजूंना बांधते.

याला कायद्याचीही जोड आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून बोलण्याची त्रिपक्षीय पद्धत त्या काळात रुजली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत २० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. तीत दोन्ही बाजूंचे सभासद समान असतात. २०१३ च्या कायद्याने, जेथे १० किंवा अधिक माणसे काम करतात तेथे, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते आणि तिची अध्यक्ष महिलाच असते. आपल्या मुली-सुनांना हे ठाऊक असावे. आणि आपण साहेब असू तर ती समिती कागदावर राहू नये, हे पाहणे आपले काम.

बाकी गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. हाताखालच्याला नावाने आणि आदराने हाक मारा. चूक एकट्याला बोलावून सांगा, शाबासकी मात्र सर्वांसमोर द्या. सफाई करणारी कंत्राटी बाई बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिचा चहाचा कप वेगळा ठेवला आहे का, ते उद्याच बघा. ठेवला असेल तर तो आपल्या हाताने इतर कपांत मिसळा. वेगळा कप म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

आपल्या हाताखालचा माणूस संध्याकाळी घरी जाऊन मुलाबाळांना आपल्याविषयी काय सांगतो, तीच आपली खरी सर्व्हिस बुकातली नोंद. ती चांगली व्हावी, एवढेच आमचे मागणे.

जय भीम!